मिटले, पण जुळले का?

एका बिलिंग प्रणालीवर दोघे काम करत आहेत असे समजा. कर काढणारे एक फंक्शन आजवर दर टक्क्यांत घेत आले आहे. जीएसटी १८ टक्के असेल तर त्याला १८ हा आकडा द्यायचा. तिने ठरवले की दर यापुढे अपूर्णांकात घ्यायचा, म्हणजे १८ ऐवजी ०.१८. तिने फंक्शन बदलले, ते जिथे जिथे वापरले होते त्या सगळ्या जागा शोधून दुरुस्त केल्या आणि टेस्ट चालवल्या. सगळ्या पास. त्याच आठवड्यात त्याने आपल्या ब्रांचमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीत, कुरिअर शुल्काचे नवे बिल लिहिले आणि जुन्या रीतीप्रमाणे फंक्शनला १८ दिले. त्याच्याही टेस्ट पास. मग दोन्ही ब्रांच मर्ज झाल्या, म्हणजे एकत्र जुळवल्या गेल्या. फाइली वेगळ्या, ओळी वेगळ्या, त्यामुळे ही जुळवणी करणाऱ्या गिट या साधनाने एकही कॉन्फ्लिक्ट, म्हणजे टक्कर, दाखवला नाही. आणि हजार रुपयांच्या शुल्कावर १८० रुपयांच्या जागी १८,००० रुपये कर लागू लागला.

चूक कोणाची हे ठरवायला बसले तर उत्तर सापडत नाही. तिच्या प्रतीत एकही जुनी जागा सुटलेली नव्हती. त्याने लिहिले तेव्हा त्याच्या प्रतीतले फंक्शन टक्केच मागत होते. दोघांचे काम आपापल्या जागी बरोबर होते. चूक जन्मली ती दोन्ही कामे एकत्र आली त्या क्षणी, आणि तो क्षण सर्वस्वी यंत्राच्या हाती होता. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येक टीमपुढे म्हणूनच हा प्रश्न आहे: यंत्राने आपणहून जुळवून दिलेल्या मर्जवर किती विसंबायचे? तो एकट्या प्रोग्रामरांचा नाही. आपली वीजबिले, बँकेचे हप्ते, रुग्णालयातल्या नोंदी ज्या कोडवर चालतात, तो कोड रोज अशा मर्जमधून जात असतो.

यंत्र नेमके काय करते ते आधी पाहू. मर्ज करताना तीन प्रती समोर ठेवल्या जातात: तिची, त्याची आणि दोघे जिथून निघाले ती सामायिक मूळ प्रत. एखादा भाग एकाच बाजूने बदलला असेल तर तो बदल घ्यायचा. दोघांनी अगदी सारखाच बदल केला असेल तर तो एकदाच घ्यायचा. एकच जागा दोघांनी वेगवेगळी बदलली असेल तर थांबायचे आणि माणसाला विचारायचे. नियम साधा आणि प्रामाणिक आहे, पण तो ओळींचा नियम आहे. ओळीत कर आहे की कविता, हे त्याला कळत नाही. ‘कॉन्फ्लिक्ट नाही’ असे गिट म्हणते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की दोघांचे हात एका ओळीवर पडले नाहीत. दोघांच्या मनातले गृहीतक एक होते की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही.

तरीही या आपोआप जुळवणीला दोष देण्याआधी ती नसतानाचे दिवस आठवायला हवेत. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी एससीसीएस ही प्रणाली बनवली आणि १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस. फाइल बदलायची तर तिला कुलूप लावायचे, काम संपले की काढायचे, आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचे, ही त्या काळची रीत. कॉन्फ्लिक्ट होत नसत, कारण दोघांना एकाच वेळी काम करण्याची मुभाच नव्हती. कुलूप लावून कोणी रजेवर गेला की घोडे तिथेच अडायचे. ॲम्स्टरडॅममध्ये डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एका सी कंपायलरवर काम करत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच बसणारा, दुसऱ्याच्या वेळेचा नेम नाही, आणि स्वतः ग्रून यांना वेळ मिळे तो संध्याकाळी. तिघांच्या वेळा जुळेनात, म्हणून त्यांनी कुलपाशिवाय काम करून नंतर जुळवून घेण्याची सोय लिहिली. १९८६ मध्ये ती सीव्हीएस या नावाने जगापुढे आली. तीन माणसांची ही अडचण पुढे हजारोंची झाली आणि उत्तर तेच राहिले: प्रत्येकाला आपापल्या वेळी काम करू द्या, जुळवणी यंत्रावर सोपवा.

आज कोणतेही मोठे सॉफ्टवेअर या सोयीशिवाय उभे राहणार नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले ते लिनक्स कर्नलच्या गरजेपोटी. त्या कर्नलच्या ४.१९ या एकाच आवृत्तीच्या वेळी, म्हणजे २०१८ मधल्या साधारण दहा आठवड्यांत, एकट्या टॉरवाल्ड्स यांनी शेकडो मर्ज केले. यातली प्रत्येक ओळ माणसाने हाताने जुळवायची म्हटली तर काम ठप्प होईल. शिवाय माणूस थकतो. सलग तिसाव्या कॉन्फ्लिक्टपाशी पोचलेला प्रोग्रामर दोन्ही बाजू वाचत नाही. बऱ्याचदा तो आपली बाजू ठेवतो, दुसऱ्याची पुसतो आणि घरी जातो. ओळींच्या हिशेबात यंत्र असे कंटाळत नाही. यंत्राने चुका केल्या म्हणून सगळे माणसाकडे द्या, हा युक्तिवाद माणूस चुकत नाही असे गृहीत धरतो, आणि ते गृहीतक टिकणारे नाही.

काही कामांत तर यंत्राचाच हात हवा. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती बसवली याची एक लांबलचक फाइल असते. ती माणूस लिहीत नाही, एनपीएम लिहिते. तिच्यात कॉन्फ्लिक्ट आला तर हाताने ओळी निवडणे म्हणजे चूक ओढवून घेणे. योग्य रीत अशी की मूळ मागणीची छोटी फाइल माणसाने नीट करावी आणि लांबलचक फाइल एनपीएमला पुन्हा तयार करू द्यावी. आवृत्ती ५.७.० पासून एनपीएम हे स्वतःच करते. इथे माणसाची ढवळाढवळ धोक्याची असते.

यंत्राच्या बाजूने एवढे सगळे बोलते. आता दुसरी बाजू.

यूरी ब्रुन, रीड होम्स, मायकेल अर्न्स्ट आणि डेव्हिड नॉटकिन या संशोधकांनी २०११ मध्ये नऊ मुक्तस्रोत प्रकल्पांचा इतिहास तपासला. १६ टक्के मर्जमध्ये ओळींचा कॉन्फ्लिक्ट होता आणि तिथे माणसाला हात घालावा लागला. एवढ्यावर थांबले तर यंत्राची कामगिरी उत्तम वाटते. पण यातल्या निवडक प्रकल्पांत त्यांनी पुढची पायरी गाठली. गिटसारख्या साधनाने स्वच्छ ठरवलेले मर्ज त्यांनी प्रत्यक्ष बिल्ड केले आणि त्यांच्या टेस्ट चालवल्या. त्यांतले ३३ टक्के एक तर बिल्डच होईनात किंवा टेस्टमध्ये नापास झाले. हे प्रमाण प्रत्येक टीमला जसेच्या तसे लागू होईल असे नाही. कोड, भाषा, कामाची पद्धत यांनुसार ते बदलेल. तरी करवाला प्रसंग कल्पनेतला अपवाद नाही, हे त्यावरून दिसते. दिसणाऱ्या कॉन्फ्लिक्टपेक्षा न दिसणाऱ्याची धास्ती जास्त बाळगायला हवी.

ओळींचा नियम काटेकोर पाळूनही यंत्र माणसाच्या इच्छेविरुद्ध कसे जाते याचे एक उदाहरण गिटच्या स्वतःच्या दस्तऐवजातच आहे. दोन्ही ब्रांचमध्ये एकच बदल आला. नंतर एका ब्रांचमध्ये तो घातक ठरला म्हणून मागे घेतला. आता मर्ज केले तर तो बदल निकालात पुन्हा हजर होतो. कारण यंत्र फक्त दोन टोके आणि मूळ प्रत पाहते. मागे घेणाऱ्या बाजूचे टोक आणि मूळ प्रत सारखीच दिसतात, म्हणजे त्या बाजूने काही घडलेच नाही असा निष्कर्ष निघतो. विचारपूर्वक घेतलेली माघार यंत्राला दिसतच नाही. काही जणांना हे वर्तन गोंधळात टाकते, असे दस्तऐवज मोकळेपणाने सांगतो. ज्याने रात्री जागून तो बदल काढून टाकला होता, त्याच्यासाठी हा गोंधळ फार महागाचा असतो.

याहून जड प्रश्न आहे तो जाणूनबुजून दिलेल्या सूचनांचा. कॉन्फ्लिक्ट आला की सरसकट आपली बाजू ठेव, किंवा सरसकट समोरच्याची ठेव, असे पर्याय गिटमध्ये आहेत. एका शब्दाच्या सूचनेने पन्नास वाद मिटतात आणि पन्नास ठिकाणी कोणाचे तरी काम पुसले जाते. ते पुसले गेले हे नंतर कळणेही कठीण. मर्ज कमिट, म्हणजे त्या मर्जची नोंद, उघडून पाहिली तर गिट नेहमीच्या रीतीने एकत्रित फरक दाखवते, आणि ज्या तुकड्यात निकाल एका बाजूशी तंतोतंत जुळतो तो तुकडा त्यातून गाळलेला असतो. एरवी हे सोयीचेच आहे, नाहीतर वाचणारा तपशिलात बुडेल. पण सरसकट एक बाजू निवडली असेल तर निकाल सगळीकडे त्या बाजूशीच जुळतो. म्हणजे जे हरवले तेच पाहणाऱ्याच्या नजरेआड जाते.

या दोन बाजू तोलताना मला गिटमधलीच एक सोय वाट दाखवणारी वाटते. तिचे नाव रेरेरे. माणसाने एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ती लक्षात ठेवते आणि तोच पुन्हा आला की जुना तोडगा आपोआप लावते. लांबलेली ब्रांच रोज जुळवून पाहणाऱ्याला ही सोय वरदान आहे; तोच वाद दहादा सोडवावा लागत नाही. धोकाही उघड आहे. वादाची ओळख पटते ती वादातल्या मजकुरावरून. मधल्या काळात भोवतालच्या कोडचा अर्थ बदलला असेल तर त्याची दखल त्या ओळखीत नाही. पहिला तोडगा चुकीचा असेल तर ती चूकही इमानेइतबारे पुन्हा लावली जाते. म्हणूनच या सोयीची मूळ ठेवण पाहण्यासारखी आहे. ती फाइलमध्ये तोडगा लिहिते, जुना तोडगा वापरल्याचे पडद्यावर सांगते आणि तिथे थांबते. फाइल अजून वादातच आहे असे गिट धरून चालते. माणसाने ती पाहून स्वतः पुढे केल्याखेरीज मर्ज पुरा होत नाही. ही शेवटची पायरीही आपोआप व्हावी असा पर्याय आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो. चुकीचा तोडगा विसरायला लावण्याची आज्ञाही आहे, आणि लक्षात ठेवलेला तोडगा साधारण ६० दिवसांनी आपसूक साफ होतो.

या छोट्याशा सोयीत सगळा विवेक सामावला आहे असे मला वाटते. यंत्राने तोडगा सुचवावा, सुचवल्याचे सांगावे, आणि तो स्वीकारण्याचे काम माणसाकडे राहू द्यावे.

आपल्याकडे जमिनीच्या नोंदींत ही समज फार जुनी आहे. वारसाने किंवा खरेदीने जमीन हस्तांतरित झाली की तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आली तर ते प्रकरण वेगळ्या नोंदवहीत चढते. आणि हरकत आली नाही तरी सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याखेरीज नोंद पक्की होत नाही. तिचा फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर राहतो. कोणी भांडले नाही म्हणून नोंदच ठेवायची नाही, असे कोणी म्हणत नाही. न भांडता झालेल्या बदलाचा मागही पुढच्या पिढीला काढता आला पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण. कोडच्या बाबतीत आपण ते विसरतो. वाद झालेल्या मर्जची चर्चा होते, बिनबोभाट झालेल्या मर्जकडे कोणी पाहत नाही.

मग प्रत्येक स्वच्छ मर्ज माणसाने ओळीओळीने तपासावा का? माझे उत्तर नाही असे आहे. दिवसाला चाळीस मर्ज तपासायला लावले तर तपासणाऱ्याची सही होईल, वाचन होणार नाही, आणि तपासणी झाल्याचा खोटा दिलासा मात्र मिळेल. तपासणी सक्तीची करून लक्ष सक्तीचे करता येत नाही. लक्ष थोडे असते. ते कुठे खर्च करायचे हे ठरवावे लागते.

त्यासाठी पहिला निकष फाइलच्या जातीचा. यंत्राने निर्माण केलेल्या फाइली यंत्रालाच पुन्हा निर्माण करू द्याव्यात. जिथे फक्त नवी नोंद शेवटी वाढते आणि क्रमाला महत्त्व नाही, अशा याद्यांत दोन्ही बाजूंच्या ओळी ठेवणारा नियम चालेल. पण पैसा, परवानगी, औषधाची मात्रा, वैयक्तिक माहिती यांना हात लावणारा कोड सरसकट पर्यायांनी कधीच मिटवू नये. गिटमध्ये फाइलनिहाय असे नियम लिहून ठेवता येतात. ते टीमने एकत्र बसून ठरवावेत. कोणी एकट्याने घाईच्या रात्री ठरवू नयेत.

दुसरा निकष असा की अर्थ जाणणाऱ्या साधनाला बोलू द्यावे. पायथॉनच्या जँगो या चौकटीत डेटाबेसमधल्या बदलांची एक साखळी असते. दोघांनी एकाच कडीपुढे आपापली नवी कडी जोडली, तर फाइलींची नावे वेगळी असल्याने गिटला त्यात काहीच वावगे दिसत नाही. जँगो मात्र साखळीला दोन टोके झाली आहेत हे ओळखते आणि पुढे जाण्यास नकार देते. ओळी जाणणाऱ्या साधनाने होकार दिला, अर्थ जाणणाऱ्याने अडवले. कंपायलर, टाइप तपासणारी साधने आणि टेस्ट यांचे काम हेच. आपल्या करफंक्शनात ‘टक्के’ आणि ‘अपूर्णांक’ असे वेगळे टाइप असते, तर मर्जनंतरच्या पहिल्याच बिल्डला चूक पकडली गेली असती.

तिसरा निकष सर्वांत मोलाचा: तपासायचा तो मर्जचा निकाल. दोन्ही ब्रांच वेगवेगळ्या पास होणे पुरेसे नाही. त्याच्या टेस्टमध्ये हजारावर १८० ही अपेक्षा लिहिलेली होती. मर्जनंतर तीच टेस्ट पुन्हा चालवली असती तर ती नापास झाली असती आणि बिल ग्राहकापर्यंत पोचले नसते. लिनक्स-नेक्स्ट या प्रकल्पात येऊ घातलेल्या बदलांच्या शेकडो ब्रांच कामाच्या दिवशी रोज एकत्र केल्या जातात. स्टीफन रॉथवेल यांनी २००८ पासून वर्षानुवर्षे हे काम सांभाळले, आणि एकामागून एक ब्रांच मिसळताना मध्ये मध्ये बिल्ड करून पाहण्याची शिस्त पाळली. रस्ट भाषेच्या प्रकल्पात ग्रेडन होर यांनी बॉर्स हा बॉट वापरात आणला, तोही याच तत्त्वावर: टेस्ट मर्ज झालेल्या कोडवर चालवायच्या आणि पास झाल्या तरच तो मुख्य ब्रांचमध्ये जाऊ द्यायचा. गिटहबने २०२३ मध्ये मर्ज क्यू, म्हणजे मर्जची रांग, अधिकृतपणे खुली केली, तेव्हा हीच शिस्त आणखी अनेक टीमच्या आवाक्यात आली.

याची किंमत आहे आणि ती नाकारून चालणार नाही. रांग लागली की वाट पाहावी लागते, यंत्रांचा खर्च वाढतो, आणि अधूनमधून विनाकारण नापास होणारी एक टेस्ट सगळ्यांची वाट अडवते. दोघा-तिघांच्या टीमकडे कदाचित टेस्टच पुरेशा नसतील. त्यांना मी एवढेच म्हणेन की ब्रांच लहान ठेवा, लवकर मर्ज करा आणि मर्जनंतर जेवढ्या टेस्ट आहेत तेवढ्या न चुकता चालवा. तिचा आणि त्याचा आठवडा एका दिवसावर आला असता, तर तिने फंक्शन बदलल्याचे त्याला लिहितानाच दिसले असते.

चौथी गोष्ट नोंदीची. यंत्राने काय मिटवले हे मागाहून पाहता आले पाहिजे. एप्रिल २०२२ च्या २.३६ आवृत्तीत गिटने रीमर्ज-डिफ दिला. तो मर्ज पुन्हा करून पाहतो आणि यंत्राने आपणहून दिलेला निकाल व प्रत्यक्ष कमिट झालेला निकाल यांतला फरक दाखवतो. आधी सांगितलेली गाळलेल्या तुकड्यांची अडचण त्याने बरीच दूर होते. सरसकट पर्याय वापरला असेल तर कमिटच्या संदेशात कोणता आणि का, हे एका ओळीत लिहावे. टॉरवाल्ड्स यांचा आग्रह इथे लक्षात घ्यावा. कॉन्फ्लिक्ट टाळण्यासाठी कर्नलचे वेगवेगळे भाग सांभाळणाऱ्यांनी आधीच उलटे मर्ज करून ते लपवू नयेत, त्यापेक्षा कॉन्फ्लिक्ट आपल्यापर्यंत येऊ द्यावेत असे ते मानतात, कारण अडचणीच्या जागा कोणत्या हे त्यावरून कळते. वाद ही माहितीच असते. ती यंत्राने पुसली काय किंवा सभ्यतेपोटी माणसाने झाकली काय, नुकसान सारखेच.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही कॉन्फ्लिक्ट सोडवू लागली आहेत. ती कमिटचे संदेश वाचतात, फंक्शनच्या नावावरून हेतूचा अंदाज बांधतात आणि ओळींच्या नियमाला जमणार नाही ते कधी कधी करून दाखवतात. करवाल्या प्रसंगात असे साधन ‘इथे १८ ऐवजी ०.१८ हवे’ असे सुचवूही शकेल, आणि ती मदत नाकारण्यात शहाणपण नाही. पण जुने यंत्र अडल्यावर ‘अडलो’ म्हणून थांबत असे. हे नवे अडले तरी पटण्याजोगे उत्तर देऊ शकते. त्यामुळे निकष बदलत नाहीत, उलट अधिक कडक लागतात. त्याचा तोडगा सूचना म्हणून वेगळा दिसावा, निकालावर टेस्ट चालाव्यात, आणि माणसाने वाचल्याशिवाय तो मुख्य ब्रांचमध्ये जाऊ नये.

दोन्ही पारडी पाहिल्यावर माझा कौल स्पष्ट आहे. जुळवणी यंत्राकडेच राहावी. कुलपांच्या काळात परत जाण्यात अर्थ नाही. पण ‘कॉन्फ्लिक्ट नाही’ हे वाक्य निकाल म्हणून न घेता तपासणीची सुरुवात म्हणून घ्यावे. जिथे चूक दुरुस्त करता येण्याजोगी आहे तिथे यंत्राला मोकळीक द्यावी, जिथे चूक कोणाच्या खिशाला किंवा जिवाला भिडते तिथे त्याला थांबायला लावावे.

मर्ज कमिटवर एक ओळ असते, लेखकाची. सगळी जुळवणी यंत्राने केली असली तरी तिथे सहसा मर्ज करणाऱ्या माणसाचे नाव पडते. बहुतेक जण तिकडे तांत्रिक तपशील म्हणून पाहतात. मला ती सही वाटते. १८,००० रुपयांच्या त्या बिलामागे तिची चूक नव्हती, त्याचीही नव्हती. पण ज्याने मर्जचे बटण दाबले त्याचे नाव तिथे होते, आणि दोन्ही कामे एकत्र पाहण्याची संधी त्या एकालाच होती. मर्जनंतर टेस्ट चालवायला लागणारी ती पाच मिनिटे त्या सहीची किंमत आहे.